भाडेकरू गेला, धंदा राहिला

मुंबई-ठाण्याच्या किंवा पुणे-पिंपरीच्या कोणत्याही उपनगरातील एखादी सात मजली इमारत डोळ्यांसमोर आणावी. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत तीन-चार तरुण भाड्याने राहावयास येतात. महिना-दोन महिन्यांत शेजाऱ्यांच्या लक्षात येऊ लागते की, रात्री अकरानंतर अनोळखी माणसे वर येतात, दार बोटभर उघडते आणि दोन मिनिटांत आलेला माणूस खाली उतरतो. लिफ्ट चालू असताना ही माणसे जिन्याने का येतात, हा प्रश्न प्रथम रखवालदाराला पडतो. पुढे कोणाला जिन्याच्या कोपऱ्यात चंदेरी कागदाचे जळके तुकडे सापडतात. शेजारच्या घरातली आजी नातवाला दिवेलागणीनंतर एकट्याने खाली सोडीनाशी होते. सारी इमारत कुजबुजते, पण मोठ्याने कोणीच बोलत नाही. आणि मग एके दिवशी सारेच एकदम बोलू लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दाराचे छायाचित्र फिरते, रविवारी गच्चीवर सभा भरते, पाणी तोडण्याचा ठराव होतो आणि संध्याकाळपर्यंत त्या पोरांच्या गाद्या फाटकाबाहेर पडतात. इमारत शुद्ध झाल्याचे सेक्रेटरी जाहीर करतात आणि मंडळी समाधानाने घरोघर परततात.

धंदा मात्र शुद्ध होत नाही. तो पत्ता बदलतो. त्याच पुड्या पुढच्या गल्लीतील दुसऱ्या इमारतीत विकल्या जाऊ लागतात. तेथेही प्रथम कुजबुज, मग सभा, मग गाद्या रस्त्यावर, असा क्रम पुन्हा सुरू होतो. या साऱ्या खटाटोपात माल पुरविणाऱ्याचे एक दमडीचे नुकसान होत नाही, व्यसनात सापडलेल्या एकाही पोराला औषध मिळत नाही आणि आजीच्या नातवावरचे संकट फार तर चारशे पावले दूर सरते. शहरातील सुशिक्षित मध्यमवर्ग याला आपला विजय समजतो. वस्तुतः तो नागरिकत्वाचा पराभव आहे.

सोसायटीचे आधीचे मौन आणि नंतरचा गोंगाट या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे वरवर वाटते. परंतु त्या एकाच वृत्तीच्या दोन अवस्था होत. आपल्या उंबऱ्याच्या आत काही दिसत नाही तोवर गप्प राहावे, आणि दिसू लागले की ते दुसऱ्याच्या उंबऱ्यात ढकलून द्यावे, एवढाच तिचा सारांश. शेजाऱ्याच्या मनात उत्पन्न झालेला संशय ही सार्वजनिक हिताची माहिती असते. ती योग्य जागी, योग्य रीतीने पोचविणे हे त्याचे कर्तव्य आहे. तीवरून निवाडा करणे आणि शिक्षा अमलात आणणे हे त्याचे काम नव्हे. ही साधी रेघ पुसली गेली म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे.

प्रथम मौनाचा विचार करू. भीतीमुळे गप्प बसणाऱ्या माणसाला भेकड म्हणून हिणविणे सोपे असते. परंतु ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून दोन खोल्या घेतल्या, ज्याची मुलगी रात्रीच्या पाळीहून एकटी परतते, त्याची भीती अगदी खरी असते. पोलीस चौकीत सांगितलेले नाव संध्याकाळी त्या सदनिकेत पोचेल, असे त्याला वाटते, आणि तसे वाटण्यास या शहराचा इतिहासही जबाबदार आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर, १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. त्या काळात हातभट्टीची दारू झोपडपट्टीत गाळली जाई आणि चाळींतून व राहत्या घरांतून पेल्यापेल्याने विकली जाई. कोणत्या दाराआड गुत्ता आहे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. ठाऊक नसे ते फक्त सरकारला, कारण न दिसण्याचा मोबदला दरमहा पोचत असे. शेजारी बोलत नसत, कारण बोलून उपयोग नाही असा त्यांचा अनुभव होता. दारूबंदी पुढे सैल झाली. हप्त्याची रीत आणि मौनाची सवय तेवढी वारशाने पुढच्या पिढीकडे आली. म्हणून शेजाऱ्याने बोलावे अशी अपेक्षा असेल, तर बोलण्याची सुरक्षित वाट त्याला दाखवून दिली पाहिजे. नुसता उपदेश येथे कामाचा नाही.

आता गोंगाटाकडे वळावे. पोरांच्या गाद्या रस्त्यावर फेकणाऱ्या सभेला एका माणसाची आठवण कधीच होत नाही. तो माणूस म्हणजे त्या सदनिकेचा मालक. तो सोसायटीचा सन्माननीय सभासद असतो, मात्र इमारतीत राहत नाही. त्याने सदनिका गुंतवणूक म्हणून घेतलेली असते. भाडे रोखीने घ्यावयाचे, करार करावयाचा नाही, केला तर त्याची नोंदणी टाळावयाची, ही त्याची रीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. सोसायटी त्याच्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क वसूल करते, पण ‘करार दाखवा’ असे विचारीत नाही. बाजारभावापेक्षा दीडपट भाडे आणि कोणतीही विचारपूस न करणारा मालक ही जोडी जेथे आढळते, तेथे भाड्यातील तो जादा हिस्सा कशाची किंमत आहे, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ती न पाहण्याची किंमत असते.

१९८५ च्या एन.डी.पी.एस. कायद्याचे कलम २५ नेमके या माणसासाठी आहे. आपल्या ताब्यातील घर, खोली वा जागा या गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला किंवा भोगवटादारालाही तो गुन्हा करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. ज्याची खरोखर फसवणूक झाली, त्या मालकाला गोवण्याचे कारण नाही. परंतु सोसायटीने मालकाला लेखी कळविले, भाडेकरूची माहिती मागितली आणि तरीही त्याने डोळ्यांवर कातडे ओढून घेतले, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हा त्याचा बचाव लटका पडतो. एक पत्र आणि त्याची पोच एवढ्याने जे साधते, ते पाण्याची तोटी बंद करून साधत नाही. उलट, अत्यावश्यक सेवा तोडण्यास घरमालकाला याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे. म्हणजे गुन्हा थांबविण्यास निघालेली सभा मालकाला हाताशी धरून स्वतःच बेकायदा वागू लागते, आणि ज्याला जाब विचारावयाचा तो मालक सभेच्या पहिल्या रांगेत बसून ठरावाला अनुमोदन देतो.

मालकाच्याही पलीकडे पाहिले पाहिजे. अमली पदार्थांचा व्यापार हा अखेर व्यापार आहे. त्याला कच्चा माल लागतो, कारखाना लागतो, वाहतूक लागते, भांडवल लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात कंटेनरांतून सुमारे ३,००० किलो हेरॉइन पकडले गेले. कागदोपत्री तो माल शंखजिऱ्याचा होता. कायद्याच्या हिशेबात हेरॉइनचे ‘अल्प प्रमाण’ ५ ग्रॅम धरले जाते. म्हणजे एका खेपेत अशा सहा लाख पुड्यांचा ऐवज होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ मेफेड्रोनचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘एम.डी.’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात त्याचा, कारखाना उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्याच्या आडोशाने, शेकडो किलो एम.डी. तयार होत असल्याचे आढळले. हा माल तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी तयार केलेला नाही. औद्योगिक वसाहतीत भूखंड मिळविण्याची, वीज जोडणी घेण्याची, रसायनांची पिंपे ट्रकने आणण्याची ऐपत त्यांच्याजवळ नसते. ती ज्यांच्याजवळ असते, ते गच्चीवरच्या सभेच्या दृष्टीस कधी पडत नाहीत.

या व्यापाराची रचनाच अशी आहे की, नफा वर चढतो आणि धोका खाली उतरतो. बेकायदा मालाच्या किमतीत मूळ उत्पादनखर्च थोडा आणि पकडले जाण्याच्या जोखमीचा मोबदला मोठा असतो. पण ती जोखीम मात्र प्रत्यक्षात उचलतो तो शेवटचा विक्रेता. हा विक्रेता पुष्कळदा स्वतःच व्यसनी असतो. स्वतःच्या दोन पुड्यांचे पैसे निघावेत म्हणून तो आठ पुड्या विकतो. व्यसनी माणसाची मागणी किमतीने फारशी हटत नाही. भाव चढला तर तो उपाशी राहील, घरातली भांडी विकील, आईच्या गळ्यातले काढील, पण पुडी घेईल. म्हणून खालच्या दहा विक्रेत्यांना पकडून बाजारात टंचाई आणली की भाव चढतो, वरच्याचा नफा वाढतो आणि रिकाम्या झालेल्या दहा जागांसाठी वीस नवे हात पुढे येतात. बेकारीच्या काळात अशा हातांना तोटा नसतो. यावरून खालच्या विक्रेत्याला मोकळे सोडावे असा अर्थ कोणी काढू नये. तो पकडला गेलाच पाहिजे. परंतु त्याच्या अटकेने तपास सुरू व्हावयास हवा, आणि प्रत्यक्षात तो तेथेच संपतो. हे दुखणे सोसायटीच्या ठरावाने बरे होणारे नाही.

गोंगाटाचा आणखी एक दोष अधिक भयंकर आहे. संशय कोणाचा घ्यावयाचा, हे पुराव्यापेक्षा पूर्वग्रह ठरवितो. तिसऱ्या मजल्यावर विवाहित, सजातीय, दिवाळीला फराळ पाठविणारे कुटुंब असेल, तर रात्री येणारे पाहुणे हे पाहुणेच असतात. तेथे अविवाहित पोरे असतील, परधर्मीय असतील, ईशान्येकडील मुली किंवा आफ्रिकेतील विद्यार्थी असतील, तर तेच पाहुणे ‘गिऱ्हाईक’ ठरतात. रात्रीच्या पाळीची नोकरी, दारात येणारा जेवणाचा डबा, खिडकीतून येणारा न ओळखता येणारा वास, यांतल्या प्रत्येक गोष्टीला निरुपद्रवी कारण असू शकते. ते विचारण्याची तसदी सभा घेत नाही.

दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये जानेवारी २०१४ मध्ये जे घडले, ते कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. वस्तीतील रहिवाशांची तक्रार होती की, काही घरांतून अमली पदार्थांचा व देहविक्रयाचा धंदा चालतो. तक्रार खरी की खोटी, हा तपासाचा विषय होता. परंतु लोकचळवळीतून नुकत्याच सत्तेवर आलेल्या पक्षाचे तत्कालीन कायदामंत्री मध्यरात्री कार्यकर्त्यांसह तेथे पोचले आणि पोलिसांनी त्या घरात शिरावे असा आग्रह त्यांनी धरला. पोलिसांनी नकार दिला. त्या रात्री काही आफ्रिकी स्त्रियांना अडवून वैद्यकीय तपासणीसाठी नेण्यात आले, आणि त्यांच्या तपासणीत अमली पदार्थांचा अंश आढळला नाही, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. रहिवाशांची मूळ तक्रार या गदारोळात जी हरवली, ती हरवलीच. लोकांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे लोकांच्या संशयावर मशाल घेऊन धावणे, अशी समजूत करून घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला तो धडा आहे. जमाव न्याय करीत नाही, आणि जमावाच्या पुढे मंत्री चालला म्हणून तो न्याय ठरत नाही.

संशयाची किंमत या कायद्यात किती मोठी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अन्य गुन्ह्यांत आरोप सरकारने सिद्ध करावयाचा असतो. येथे माल जवळ सापडला की, कलम ३५ आणि ५४ अन्वये न्यायालय आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरून चालते आणि आपण निर्दोष असल्याचे दाखविण्याचा भार त्याच्यावर येतो. माल ‘व्यापारी प्रमाणा’त असेल, म्हणजे एम.डी.च्या बाबतीत ५० ग्रॅमपेक्षा अधिक, तर १९८९ साली घातलेल्या कलम ३७ मुळे जामीन मिळणे दुरापास्त होते. मुंबईत ऑक्टोबर २०२१ मध्ये गाजलेल्या क्रूझ प्रकरणात एका विख्यात अभिनेत्याचा मुलगा तीन आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत राहिला, आणि मे २०२२ मध्ये, पुरेसा पुरावा नसल्याने, त्याचे नाव आरोपपत्रातून वगळण्यात आले. त्याच्यापाशी देशातले नामांकित वकील होते. सोसायटीच्या खोडसाळ तक्रारीत गोवला गेलेला, घरोघर माल पोचविणारा पोऱ्या कोणाचा वकील आणणार? म्हणूनच कायद्याने कलम ५८ मध्ये दुहेरी तजवीज केली आहे. सबळ कारणाविना झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे, आणि जाणूनबुजून, दुष्टाव्याने खोटी माहिती देऊन झडती वा अटक घडवून आणणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुने भांडण, पार्किंगची जागा किंवा भाडेकरूला हुसकावण्याची घाई यांसाठी या कायद्याचे हत्यार उपसणाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावे.

मग शेजाऱ्याने करावे तरी काय? उत्तर आहे, आणि ते कायद्यातच आहे. त्याने प्रत्यक्ष पाहिलेले आणि केवळ ऐकलेले यांत भेद करावा. तारीख, वेळ, किती माणसे आली, किती वेळ थांबली, वाहनाचा क्रमांक काय, हे एका वहीत टिपून ठेवावे. ‘ती पोरे गर्द विकतात’ हा निष्कर्ष आहे. ‘अमुक तारखेपासून आठवड्यात पाच रात्री, अकरा ते एकच्या दरम्यान, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांसाठी सात-आठ माणसे आली’ ही माहिती आहे. तपास माहितीवर चालतो. त्या दाराशी जाऊन जाब विचारू नये, आत डोकावू नये, पडलेली पुडी उचलून पुरावा म्हणून घरी आणू नये, कारण मग ती आपल्याच ताब्यात सापडते. छायाचित्रे ग्रुपवर टाकू नयेत. त्याने निरपराध्याची बदनामी होते आणि अपराधी सावध होतो. आतून सॉल्व्हंटचा उग्र वास येऊन डोळे चुरचुरत असतील, तर मात्र वही-पेन्सिलची वाट न पाहता ११२ वर कळवावे, कारण घरगुती भट्टीला आग लागण्यास वेळ लागत नाही आणि वरच्या मजल्यावर लहान मुले झोपलेली असतात.

माहिती कोठे द्यावी, हा पुढचा प्रश्न. स्थानिक ठाण्यावर विश्वास नसेल, तर पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी कक्षाकडे वा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाता येते. जुलै २०२४ पासून केंद्र सरकारची ‘मानस’ ही १९३३ क्रमांकाची मदतवाहिनीही त्यासाठीच आहे. कलम ६८ प्रमाणे गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. म्हणजे खबर देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याला कायद्याचा आधार आहे. कलम ४२ अन्वये मिळालेली खबर अधिकाऱ्याने लिहून घ्यावयाची आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे पाठवावयाची असते. सूर्यास्तानंतर वॉरंटाविना घरात शिरावयाचे, तर त्याची कारणे आधी नोंदवावयाची असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडतीचे व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. ही बंधने गुन्हेगाराच्या सोयीसाठी आहेत, असे पोलीसभक्त मंडळी म्हणतात. खरे पाहता ती निरपराध्याच्या रक्षणासाठी आहेत आणि हप्तेखोरीलाही त्यांचा चाप बसतो. कागदावर आलेली खबर गिळून टाकणे, तोंडी खबर गिळण्याइतके सोपे नसते.

येथवर विक्रीचा विचार झाला. पण त्या दाराआड प्रत्येक वेळी विक्रेताच असतो असे नाही. कधी तेथे चार भिंतींत स्वतःला जाळून घेणारा एकटा पोर असतो, आणि त्याच्या दाराशी येणारा माणूस हाच खरा विक्रेता असतो. मराठी भाषेने या पोराला ‘गर्दुल्ला’ हे नाव दिले आणि त्याच्यातला आजारी माणूस त्या शब्दाआड दडवून टाकला. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. अनिल अवचटांचे ‘गर्द’ हे पुस्तक याच विषयावरचे. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, ही गोष्ट महाराष्ट्राला तेव्हाच सांगून झाली आहे. कायदाही ती अंशतः मानतो. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल आणि ते पूर्ण करील, तर कलम ६४-अ प्रमाणे तिच्यावरील त्या गुन्ह्याचा खटला टळतो. हे कलम किती घरांना ठाऊक आहे? ज्या आईला ते ठाऊक नाही, ती पोलिसांच्या भीतीने मुलाला दवाखान्यात नेत नाही आणि मुलगा एके सकाळी उठत नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात, तर दारू पिणाऱ्यांची १६ कोटींच्या घरात आढळली होती. एवढ्या माणसांना तुरुंगात कोंडता येणार नाही आणि गच्चीवर सभा भरवून इमारतीबाहेरही काढता येणार नाही. त्यांच्यासाठी खाटा लागतील, डॉक्टर लागतील, आणि दारात उभे राहू देणारे शेजारी लागतील. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक सोसायटीच्या फलकावर देखभालखर्चाच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी लिहिण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

यावर आक्षेप येईल की, एवढे सारे होईतो आजीचा नातू बिघडून जाईल; वही लिहा, पत्र पाठवा, पोच घ्या, हे कारकुनी उपाय झाले. आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. शेजारी एकटा असेल, तर हे उपाय खरोखरच तोकडे पडतात. एकट्याची वही हरवते, एकट्याचे पत्र टोपलीत जाते, एकट्याला धमकी येते. म्हणूनच येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या; पोलीस आणि नागरिक एका चटईवर बसले आणि अफवेला माहितीने उत्तर देण्याची सवय काही वस्त्यांनी लावून घेतली. दारूच्या दुकानाबाबत महाराष्ट्रातील स्त्रियांनी ‘आडवी बाटली’साठी मतदानाचा हक्क मिळविला आणि अनेक ठिकाणी तो बजावला. दोन्ही ठिकाणी माणसे दारे फोडावयास गेली नाहीत. ती एकत्र आली, त्यांनी नियम हाती घेतला आणि सत्तेला तो पाळावयास लावला. पाच घरांनी मिळून दिलेली लेखी माहिती, तिचा दर पंधरवड्याने घेतलेला पाठपुरावा, मालकाच्या नोंदणीकृत कराराची मागणी, आणि ‘विक्रेता पकडलात, त्याला माल कोणी दिला?’ हा प्रश्न जाहीर सभेत वारंवार विचारणे, हे काम झटपट होत नाही. परंतु सभेच्या झटपट विजयापेक्षा ते टिकाऊ असते.

कार्यकर्त्यांमध्येही एक सोयीस्कर समजूत रुजली आहे. सोसायटी हा मध्यमवर्गाचा प्रांत. अमली पदार्थ हा पोलिसांचा विषय. आपले प्रश्न महागाईचे, रोजगाराचे, जमिनीचे. ही विभागणी लबाडीची नसली तरी आंधळी आहे. ज्या बेकार पोराला संघटनेने हात दिला नाही, त्याला पुडीवाला हात देतो. ज्या वस्तीत ग्रंथालय, मैदान आणि काम नाही, तेथे जिन्याखालचा कोपरा ही एकच सार्वजनिक जागा उरते. आणि ज्या घरमालकाची रोखीची कमाई कोणी तपासली नाही, त्याचे दार सर्वांत जास्त भाडे देणाऱ्याला उघडे राहते. भाडे, रोजगार, सार्वजनिक आरोग्य आणि पोलिसांची जबाबदारी हे चारही प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी येऊन मिळतात. ते दार पोलिसांवर सोपवून कार्यकर्त्याने पाठ फिरवावी, अशी त्याची स्थिती नाही.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या पुरेशा खाटा. कराराची नोंदणी न करणाऱ्या मालकावर कारवाई. लेखी दिलेल्या खबरीचे पुढे काय झाले याचा दर सहामाहीस जाहीर होणारा, खबर देणाऱ्यांची नावे वगळलेला हिशेब. आणि प्रत्येक किरकोळ अटकेनंतर पुरवठादारापर्यंत तपास पोचला की नाही याची विधिमंडळात विचारणा. या चार मागण्या कोणत्याही प्रभागातून उठू शकतात. त्यांसाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. एक सतरंजी, एक वही आणि न घाबरणारी पाच माणसे पुरतात.

पुढच्या रविवारी कोठल्या तरी गच्चीवर पुन्हा सभा भरेल. ‘हाकलून द्या’ असा एकमुखी पुकारा होईल. त्या वेळी एकाने तरी उठून तीन प्रश्न विचारावेत: प्रत्यक्ष कोणी काय पाहिले, सदनिकेचा मालक कोठे आहे आणि आतली पोरे आजारी आहेत काय? उत्तरे शोधावयास निघालेली सभा गाद्या फेकावयास जात नाही. आणि आजीच्या नातवाला खरा धीर मिळेल तो ही उत्तरे मिळाल्यावरच. पुढच्या गल्लीतही नातवंडे आहेत, ही गोष्ट गच्चीवरून पाहिली तरी दिसण्याजोगी आहे.